लेश्न्येफ्स्कीपाशी अडलेलं पत्र

पुणे, रविवार

प्रिय अनू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला. शिव्या घाल, पण आधी वाच. सध्या मी पोलिश तर्कशास्त्रज्ञांवरच्या प्रबंधासाठी शब्दकोश मांडीवर घेऊन पोलिश वाचतेय. त्यांच्यात 'ल'च्या पोटात तिरकी रेघ मारली की त्याचा 'व' होतो. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याला लुकासिएविच म्हणत होतो, तो निघाला वुकाशेविच!

या सगळ्यांचे गुरू त्वारदोफ्स्की. 1895 साली व्हिएन्नाहून ल्वूफला (आताच्या युक्रेनमधलं ल्विव) आले, तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. बुवा भलता शिस्तीचा. जो धूसर लिहितो तो बहुधा धूसरच विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. माझा प्रबंध त्यांच्या हाती पडला नाही हे माझं नशीब.

वुकाशेविच 1919 मध्ये पुन्हा स्वतंत्र झालेल्या पोलंडचा शिक्षणमंत्री झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने त्रिमूल्य तर्कशास्त्र मांडलं. पुढल्या वर्षी 21 डिसेंबरला दुपारी मी वॉर्सात असेन, हे विधान आज खरं की खोटं? तो म्हणतो, दोन्ही नाही. तुझ्या पुण्याला येण्याच्या वचनांना हेच तिसरं मूल्य लावावं म्हणते.

आणि हे खास तुझ्यासाठी: स्तानिस्वाव शायेर नावाच्या तिथल्या संस्कृतज्ञाने 1930च्या दशकात या नव्या तर्कशास्त्राची हत्यारं घेऊन न्यायदर्शन वाचलं. तर्कसंग्रहातला, धूर दिसतो म्हणजे आग असणार म्हणणारा आपला धुराचा डोंगर वॉर्सातही धुमसत होता!

पण मी अडलेय ते लेश्न्येफ्स्कीपाशी, वॉर्सातल्याच दुसऱ्या तर्कशास्त्रज्ञापाशी. आधी प्रेमातच पडले होते त्याच्या. एकेका व्याख्येसाठी वर्षं घालवणारा, हट्टी, छापायला नाखूश. पीएच.डी.चा विद्यार्थी आयुष्यात एकच, पुढे नामांकित तर्कशास्त्रज्ञ झालेला तार्स्की. माझे शंभर टक्के विद्यार्थी अलौकिक बुद्धीचे, असं तो मिरवायचा. मग 1935चं त्वारदोफ्स्कींना लिहिलेलं पत्र समोर आलं. त्याच तार्स्कीविषयी, ज्यूंविषयीच्या द्वेषाने बरबटलेलं. दोन दिवस टेबलाकडे फिरकले नाही. 1939च्या मे महिन्यात तो गेला. मागे राहिलेली टिपणं 1944च्या नाझींविरुद्धच्या वॉर्सा उठावात जळाली, म्हणजे त्याचं बरंचसं काम आता इतरांच्या आठवणींतूनच जुळवायचं. आणि ते पत्र मात्र शाबूत.

मार्गदर्शक म्हणतात, पत्र तळटीपेत टाका, विषय तर्कशास्त्राचा आहे. मला ते पटत नाही, कारण त्याच वर्तुळात यानिना होसिआसोन-लिंडेनबाउम होती. शाळेत शिकवून संशोधन करणारी. 'सगळे डोमकावळे काळे असतात' याला पुरावा कशाकशाचा चालेल, हा पेच तिने 1940 साली छापला. तोवर ती वॉर्सा सोडून विल्नोला (आताचं लिथुआनियातलं विल्नियस) पोचली होती. नवरा आदोल्फ, तोही तर्कशास्त्रज्ञ, 1941 मध्ये मारला गेला. तिला 1942 मध्ये गोळी घातली. ज्यू होते दोघं. गुन्हा लेश्न्येफ्स्कीचा नव्हे, मान्य. पण हिच्या प्रकरणाशेजारी त्याचं पत्र बारीक टायपात कसं ठेवू?

दोन्ही प्रकरणं सोबत पाठवतेय. आधी तिचं वाच, मग त्याचं. लाल पेन वापर, पेन्सिल मला दिसत नाही आता. काकूंना नमस्कार, आणि लोणच्याची बरणी परत हवी असेल तर स्वतः ये.

तुझी,
मीरा