खरी कमाई मुलांची असू द्या

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की शाळाशाळांतल्या स्काऊट-गाईडच्या ‘खरी कमाई’ महोत्सवाच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर येऊ लागतात. भेळ, वडापाव, इडलीचे स्टॉल, फीत कापणारे पाहुणे आणि मुलांनी व्यवहारज्ञान मिळवल्याचा मथळा. अनेक वर्षे शाळेत स्काऊट पथक चालवल्यामुळे मला हे पाहून राहवत नाही. पदार्थ आईने पहाटे उठून केलेले, सामानाचे पैसे बाबांचे आणि गिऱ्हाईकही पालकच. यात मुलाने कमावले काय?

ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट मुले ईस्टरच्या सुमारास घरोघरी जात, पडेल ते काम करत आणि एका कामाचा एक शिलिंग घेत. आपल्याकडेही खरी कमाई म्हणजे स्वतःच्या मेहनतीचा पैसा. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या नऊ नियमांपैकी आठवा नियम काटकसरीचा आहे. शेजारच्या आजोबांची स्कूटर उन्हात तासभर धुऊन वीस रुपये मिळवलेल्या मुलाला तो नियम पाठ करायला लावावा लागत नाही.

याहून जास्त काळजी संघपद्धतीची, म्हणजे मुलांचे छोटे गट मुलांनीच चालवण्याच्या पद्धतीची वाटते. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली आणि कामगार वस्तीतली अशी वीसेक मुले एकत्र आणून त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एका मुलाच्याच हाती सोपवला. स्काऊटिंगचा प्राण हाच आहे. सहा ते आठ मुलांचा संघ. शिधा किती लागेल, पाणी कोण आणेल, रुसलेल्याची समजूत कोण काढेल, हे संघनायकाने पाहायचे. शिक्षकाने बाजूला उभे राहायचे. (भात करपताना दिसत असूनही गप्प राहणे किती अवघड असते, ते उभे राहिलेल्यालाच कळते.) आता कित्येक शिबिरांत स्वयंपाकी आणतात, मुले पोहोचण्याआधीच तंबू लागलेले असतात आणि संघनायकाकडे संचलनात पुढे चालण्यापलीकडे काम उरत नाही. सोपानांची, म्हणजे स्काऊटच्या प्रशिक्षणातल्या टप्प्यांची, प्रमाणपत्रे मात्र वेळेवर मिळतात.

पालकांची सुरक्षिततेची चिंता रास्तच आहे, आणि शिक्षकांवर इतर कामांचा बोजाही आहे. म्हणूनच सुरुवात लहान असावी. यंदा शाळांनी एका दिवसाच्या महोत्सवाऐवजी प्रत्येक संघाला एक आठवडा द्यावा. ओळखीच्या घरांतली कामे मुलांनी जोडीजोडीने, शिक्षकांना सांगून करावीत. जमाखर्चाची वही संघनायकाने ठेवावी आणि पालकसभेत त्यानेच ती वाचून दाखवावी. जमलेल्या पैशांचे काय करायचे, हेही संघानेच ठरवावे. ज्या शाळा हे करतील त्यांची बातमी आपण जरूर छापावी. फोटो पाहुण्यांऐवजी काम करणाऱ्या मुलांचा असावा, एवढी विनंती.

– एक निवृत्त स्काऊट शिक्षक, सातारा