शेवाळाचा हिरवेपणा आणि वनस्पती संप्रेरके

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

पावसाळा सरला की कोकणातल्या गडग्यांवरचे (दगडी कुंपणांवरचे) हिरवेगार शेवाळ तपकिरी पडते आणि ते 'मेले' असे आपण सहज म्हणून जातो. मी उच्च माध्यमिक वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवत असे. 'सायटोकायनिन हरितद्रव्य टिकवते, ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ते घालवतात' हे संप्रेरकांविषयीचे, म्हणजे वनस्पतींची वाढ आणि बदल नियंत्रित करणाऱ्या रसायनांविषयीचे, वाक्य मीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले. सपुष्प वनस्पतींपुरते ते बरोबर आहे. शेवाळाला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि हा फरक पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांतील विज्ञानलेखनात स्पष्ट व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मराठीत डबक्यातल्या शैवलालाही शेवाळ म्हणतात आणि भिंतीवरच्या मॉसलाही, त्यामुळे गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. मी लिहिते आहे ते मॉसविषयी, म्हणजे बहुधा एकाच पेशीच्या जाडीची इवली पाने असणाऱ्या, मुळे नसलेल्या वनस्पतीविषयी.

कायनेटिन हे सायटोकायनिन 1955 मध्ये सापडले आणि दोनच वर्षांनी, तोडलेली पाने त्याच्या द्रावणात ठेवल्यास ती उशिरा पिवळी पडतात, हे दाखवले गेले. वरचा नियम अशा प्रयोगांतून रुजला. मॉसमध्ये मात्र हेच संप्रेरक मुख्यतः वेगळ्या कामासाठी ओळखले जाते. बीजाणू रुजल्यावर प्रथम हिरव्या तंतूंचे जाळे पसरते. त्यातील क्लोरोनिमा नावाच्या पेशी हरितलवकांनी (हरितद्रव्य धारण करणाऱ्या कणांनी) गच्च भरलेल्या असतात, तर कॉलोनिमा पेशींत ती कमी असतात. ऑक्झिन या आणखी एका संप्रेरकामुळे पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे वाटचाल होते आणि सायटोकायनिनमुळे तंतूंवर कळ्या धरतात, ज्यांतून पुढे पानांची रोपे उभी राहतात. म्हणून ऑक्झिन दिलेल्या तंतूंत हरितद्रव्य कमी भरले, तर ते नष्ट झाले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पेशींचा प्रकारच बदललेला असू शकतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

ॲब्सिसिक आम्लाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सपुष्प वनस्पतींच्या पानांना ते पिवळेपणाकडे नेते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील फ्युनारिया या मॉसवर 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र असे दिसले, की हे मॉस सावकाश सुकत असताना त्याच्यातील ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि बाहेरून ते दिले तर एरवी जीवघेणे ठरणारे जलद सुकणेही हे मॉस सोसते. सुकण्याला तोंड देणारी अनेक मॉस कोरड्या अवस्थेतही बरेचसे हरितद्रव्य राखून ठेवतात, आणि म्हणूनच पहिल्या सरीनंतर गडगा इतक्या लवकर हिरवा दिसू लागतो.

आणखी एक भेद आहे. अंधारात वाढवलेल्या काकडीच्या पिवळ्या बीजपत्रांना सायटोकायनिन देऊन ती उजेडात किती हिरवी होतात, हे मोजण्याची एक रूढ चाचणी आहे. सपुष्प वनस्पतींना हरितद्रव्य तयार करायला प्रकाश लागतो, म्हणून ती जमते. मॉसकडे प्रकाशाविना हरितद्रव्य बनवणारे विकरही (एन्झाइम) असते, त्यामुळे ही चाचणी त्याला तशीच लावणे चुकीचे ठरेल.

माझी विनंती साधी आहे. हरितद्रव्य मोजण्याच्या प्रात्यक्षिकात पालकाच्या पानांबरोबर भिंतीवरचे मॉसही घ्यावे. त्याचे प्रमाण ओल्या वजनावर न काढता कोरड्या वजनावर काढावे, कारण मॉसमधील पाणी तासाभरातही बदलते आणि आकडे फसवे येतात. गणपतीच्या आधी घराभोवतीचे गडगे खरवडले जातात, तेव्हा त्यातला मूठभर भाग विद्यार्थ्यांनी वर्गात आणला तरी पुरेल.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी