27 कॉलेजांची एक झोळी

संपादक महोदय,

पशुवैद्यक शास्त्रज्ञाकडे विद्यापीठाची सूत्रे गेली, की ‘गुरांचा डॉक्टर काय कारभार बघणार?’ असा सूर हमखास निघतो. अशांनी अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस पॅटरसन यांची कारकीर्द नजरेखालून घालावी.

आयोवा स्टेटमधून 1923 मध्ये पशुवैद्यकाची पदवी, 1932 मध्ये कॉर्नेलची पीएच.डी. मधल्या काळात, 1928 मध्ये, ते अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत पशुवैद्यक विभागात रुजू झाले. 1935 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, संस्थेचे अध्यक्ष. त्याच वर्षी मावळत्या अध्यक्षांचे जावईही झाले. कुजबूज झालीच असणार.

तिजोरीत खडखडाट होता. मंदीने जुने देणगीदार आटले होते आणि प्रत्येक कृष्णवर्णीय कॉलेजचा प्रमुख उत्तरेतील त्याच धनिकांचे उंबरे झिजवत होता. प्रवासखर्च सगळ्यांचा, दाते मात्र तेच. जानेवारी 1943 मध्ये ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातील आपल्या सदरात पॅटरसन यांनी सुचवले, की सर्वांनी मिळून एकच आवाहन करावे. 25 एप्रिल 1944 रोजी 27 खासगी कॉलेजांचा ‘युनायटेड नीग्रो कॉलेज फंड’ स्थापन झाला. पहिल्याच मोहिमेत साडेसात लाखांहून अधिक डॉलर जमले.

अशा एकत्र झोळीला तडा जातो तो वाटणीवरून. नावाजलेल्या कॉलेजांना वाटते, आमच्या नावावर दुसरे जेवतात. लहानांना वाटते, आमच्या वाट्याला उष्टेच येणार. म्हणून वाटणीचे सूत्र पैसे येण्याआधीच पक्के करावे लागते. दुसरे पथ्य म्हणजे निधी चालू खर्चासाठी ठेवायचा: पगार, शिष्यवृत्त्या, साहित्य. इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते, वीजबिलावर येत नाही. त्यामुळे एकेकट्या कॉलेजाला या खर्चासाठी कोणी विचारत नाही.

खर्चिक शाखा सुरू करायचीही पॅटरसन यांची तयारी होती. पशुवैद्यकाला जनावरे, शवविच्छेदनगृह, उपचारालय लागते, शिवाय विद्यार्थ्यांच्या मानाने शिक्षक जास्त. दक्षिणेतील पशुवैद्यक महाविद्यालयांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती, तेव्हा 1940 च्या दशकात टस्कीगीने स्वतःचे काढले. पहिली तुकडी 1949 मध्ये बाहेर पडली.

त्यांच्या चरित्रात ‘टस्कीगी एअरमेन’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीत तयार झालेले कृष्णवर्णीय लष्करी वैमानिक, मात्र हटकून येतात. त्यांच्या प्रशिक्षणाच्या विमानतळासाठी, मोटन फील्डसाठी, रोझेनवाल्ड फंड या धर्मादाय संस्थेने 1,75,000 डॉलर कर्जाऊ दिले, हे खरे. पण कृष्णवर्णीयांना वेगळे प्रशिक्षण म्हणजे वर्णभेदाला मान्यता, अशी टीका तेव्हाही झाली. युद्धखात्यातील सल्लागार विल्यम हेस्टी यांनी लष्कराच्या वर्णभेदी धोरणांच्या निषेधार्थ 1943 मध्ये राजीनामा दिला. आणि सरकारी आरोग्य सेवेचा तो कुप्रसिद्ध उपदंश-अभ्यास, ज्यात कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवून नुसते निरीक्षण केले गेले, 1932 पासून टस्कीगीच्या सहभागाने चालू होता, पॅटरसन यांच्या 1953 पर्यंतच्या संपूर्ण अध्यक्षकाळातही. त्यांच्यावर लिहिताना ही बाजू वगळू नये.

— पशुवैद्यक शिक्षणाशी संबंधित एक वाचक