आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या दातांचं माप कुठे आहे?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी कळव्यात राहते. ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये दिवसाचे आठ तास बोलणं हे माझं काम. आठ महिन्यांपूर्वी जांभई देताना डाव्या कानापुढे कट्ट वाजलं आणि दुसऱ्या दिवशी तोंडात दोन बोटंही जाईनात. कानात थेंब घालून झाले, एका खासगी दवाखान्यात चांगली दाढ काढून झाली. दुखणं होतं तिथेच.

शेवटी ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात डॉक्टर मॅडमनी मोजपट्टी लावली. तोंड 22 मिलिमीटर उघडत होतं. निरोगी माणसाचं 40च्या आसपास तरी उघडतं. कानापुढच्या सांध्यात एक चकती असते, ती सरकलीय, आणि झोपेत दात खाऊन स्नायूही आखडलेत, हे मला पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावलं. मऊ खाणं, गरम शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री दातांवर घालायची प्लास्टिकची स्प्लिंट. बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, म्हणाल्या. मी तिथेच रडले.

स्प्लिंटसाठी दातांचं माप घेतलं. ‘पंधरा दिवसांनी या.’ त्याला तीन महिने झाले. पाच खेपा, पाच दिवसांचा पगार गेला. परवा खिडकीवरून उत्तर आलं, ‘लॅबचं कंत्राट संपलंय, बाहेरून करून घ्या.’ बाहेर आठ हजार सांगतात.

महोदय, 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत, असं सरकारनेच जाहीर केलं होतं. मग मोफत काय आहे, फक्त केसपेपर? सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर गेले तर विचारतात, ‘अ‍ॅडमिट आहात का?’ नाही. मी घरी आहे, भाकरी दुधात कुस्करून गिळतेय, आणि जेवताना माझा जबडा वाजला की माझी मुलगी घास थांबवून माझ्याकडे बघते. पाच लाखांचं कार्ड पर्समध्ये आहे आणि प्लास्टिकच्या एका तुकड्यासाठी मी उसने पैसे मागत फिरतेय!

हा त्रास बायकांना जास्त होतो, आणि आम्हाला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावलं जातं. सासूबाईंच्या गुडघ्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं. खाटेवर आडवं पडल्याशिवाय आमचं दुखणं तुमच्या खात्याच्या हिशेबात धरलंच जात नाही. उद्घाटनाला माणसं मिळतात, लॅबची फाइल पुढे सरकवायला मिळत नाहीत.

स्प्लिंट योजनेत घ्या. कंत्राट सुरू करा. ज्यांची मापं घेतलीत, त्यांना स्वतःहून फोन करा. माझा साचा पांढऱ्या प्लास्टरचा आहे, त्यावर निळ्या पेनाने केसपेपरचा नंबर टाकलेला मी पाहिलाय. तो कुठल्या कपाटात पडलाय, एवढं आठ दिवसांत कळवा.

कळव्याची एक रुग्ण