आधी स्केल शिकवा, कॉर्ड त्यातूनच निघतात

संपादक महोदय, नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरच्या घरी गिटार किंवा कीबोर्ड शिकण्याबद्दल अधूनमधून लेख येतात, ते मी आवडीने वाचते कारण मी स्वतः नवशिक्यांना हेच शिकवते. पण जवळपास प्रत्येक लेखासोबत तोच तक्ता असतो, बोटं कुठे ठेवायची त्याचे काळे ठिपके, सी, जी, ए मायनर, एफ, आणि खाली लिहिलेलं असतं की हे चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरांचे गट) पाठ करा म्हणजे ढीगभर गाणी वाजवता येतील. गाणी वाजतात, त्यात खोटं काही नाही. पण हेच चार का, यांचं आपसात जमतं कशामुळे, हे कुणी सांगतच नाही, मग होतं काय की बोटं तयार होतात आणि समज मागे राहते, आणि ज्या दिवशी गाणारा म्हणतो हे मला उंच जातंय, जरा खालून घे, त्या दिवशी वाजवणारा अडकतो. त्याच्या तक्त्यात ते स्केलच, म्हणजे एका स्वरापासून ठराविक अंतरांनी वर जाणारी स्वरांची मालिकाच, नसतं. म्हणून हे पत्र. नवशिक्याला आधी स्केल शिकवा आणि कॉर्ड त्याला स्वतःला त्यातून काढायला लावा. अवघड नाहीये हो, एक ते बारा मोजता आलं की पुरे.

सी पासून वरच्या सी पर्यंत बारा सेमीटोन असतात. कीबोर्डवर काळी-पांढरी सगळी धरून शेजारची पट्टी म्हणजे एक सेमीटोन, गिटारवर एक फ्रेट (दांडीवरचं एक घर) म्हणजे एक सेमीटोन. ई आणि एफच्या मधे काळी पट्टी नाही, बी आणि सीच्या मधे पण नाही, हे एकदा नीट बघून ठेवायचं. आता मेजर स्केलचा हिशोब असा, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. सी पासून असं मोजत गेलं की सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या लागतात. जी पासून मोजा, सातव्या जागी साधा एफ घेतला तर हिशोब चुकतो, एफ शार्पच, म्हणजे एक सेमीटोन वरचा एफ, घ्यावा लागतो. जीच्या स्केलमध्ये एफ शार्प का असतो याचं उत्तर विद्यार्थ्याने असं स्वतः मोजून काढलं ना, की ते त्याला परत कधी पाठ करावं लागत नाही. एफ पासून मोजलं की चौथ्या जागी बी फ्लॅट, म्हणजे एक सेमीटोन खालचा बी, येतो, आणि त्याला ए शार्प म्हणायचं नाही कारण स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं, ए आधीच येऊन गेलेला असतो.

यातूनच कॉर्ड निघतो. स्केलमधला एक स्वर घ्या, पुढचा सोडा, त्याच्या पुढचा घ्या, परत एक सोडा, एक घ्या. सी पासून केलं की सी, ई, जी. डी पासून केलं की डी, एफ, ए. आता अंतरं मोजा. सी ते ई चार सेमीटोन आणि ई ते जी तीन, हा झाला मेजर. डी ते एफ तीन आणि एफ ते ए चार, हा मायनर. दोन्हींत खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत सातच सेमीटोन आहेत, फरक आहे तो फक्त मधल्या स्वराचा, तोही एका सेमीटोनचा! मला आजही हे शिकवताना आनंद होतो, एवढ्याशा हालचालीने कॉर्डचा सगळा रंग बदलतो. (मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी असं सरसकट शिकवू नये असं मला वाटतं, लय आणि ताल बदलला की मायनरमधलं गाणं पण नाचायला लावतं.)

ज्यांनी थोडंफार सरगम केलंय त्यांना तर हे अर्धं येतंच. सा ग प एकत्र वाजवा, मेजर. ग कोमल करा, मायनर. सगळे शुद्ध स्वर म्हणजे मेजर स्केल, आणि सा कुठेही धरता येतो ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. स्केल बदलणं म्हणजे तेच, सा हलवायचा आणि बाकीची अंतरं तशीच ठेवायची.

आता सीच्या स्केलमधल्या प्रत्येक स्वरावर असा कॉर्ड बांधत जा. सी मेजर, डी मायनर, ई मायनर, एफ मेजर, जी मेजर, ए मायनर, आणि सातव्या बीवर तीन-तीन अंतराचा डिमिनिश्ड कॉर्ड येतो, तो सुरुवातीला बाजूला ठेवला तरी चालेल. म्हणजे पहिला, चौथा, पाचवा मेजर आणि दुसरा, तिसरा, सहावा मायनर. कुठलंही मेजर स्केल घ्या, हा क्रम बदलत नाही. मग त्या तक्त्यातले चार कॉर्ड म्हणजे काय, तर सीच्या स्केलमधला पहिला, पाचवा, सहावा आणि चौथा. आकड्यांत लक्षात ठेवलं की जीमध्ये तेच जी, डी, ई मायनर, सी होतात, डीमध्ये डी, ए, बी मायनर, जी. गाणारा खालून घे म्हणाला तर वाजवणारा नवीन पहिला ठरवतो आणि निघतो.

पहिला, चौथा आणि पाचवा यांच्याबद्दल अजून थोडं लिहिते कारण माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ यांच्यावरच घालवावा. सी, ई, जी. एफ, ए, सी. जी, बी, डी. बघा, या तीन कॉर्डमध्ये मिळून स्केलचे सातही स्वर येऊन गेले, म्हणजे साध्या चालीतला कुठलाही स्वर असू दे, स्केलच्या बाहेरचा नसेल तर या तिघांपैकी निदान एकात तो सापडतोच. विद्यार्थ्याला चाल गुणगुणायला सांगा, एखाद्या शब्दावर थांबवा, तो कुठला स्वर आहे ते शोधायला लावा आणि मग कॉर्ड निवडू द्या. कान तिथे तयार होतो. आणि सी, एफ, जी असं वाजवून जीवरच थांबून बघा, काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, परत सीवर आलं की सुटल्यासारखं होतं. कारण जीमधला बी हा सीच्या फक्त एक सेमीटोन खाली असतो, तो वर सरकायला बघतो. जीमध्ये एफ मिसळला की जी सेव्हन होतो, मग तो एफ खाली ई कडे ओढला जातो आणि ती ओढ आणखी वाढते. पाचव्यावरून पहिल्यावर येणं एवढं घरी आल्यासारखं का वाटतं त्याचं कारण हे आहे, आणि ते वाद्यावर दोन मिनिटांत ऐकवता येतं.

स्केल ओळखताना पण हीच ओढ कामाला येते. सी मेजर आणि ए मायनर या दोन स्केलचे स्वर सारखेच आहेत, म्हणून नुसते स्वर बघून कळत नाही, गाणं विसावतं कुठे ते ऐकायला लागतं. पहिला कॉर्ड बघून स्केल ठरवायची सवय बऱ्याच जणांना असते, पण गाणं पहिल्याच कॉर्डवर सुरू होईल असं काही नसतं. आणि ए मायनरच्या गाण्यात ई मायनरऐवजी ई मेजर दिसला तर ती छपाईची चूक समजू नका, त्यातला जी शार्प हा एच्या एक सेमीटोन खाली येतो आणि तीच ओढ तयार करतो.

कीबोर्डवाल्यांना एक विनंती, प्रत्येक कॉर्डला हात उचलून उड्या मारू नका. सी वरून एफ वर जाताना सी तसाच दाबून ठेवा, ई चा एफ करा आणि जी चा ए करा, झालं. स्वर तेच असतील तर खालचा स्वर कुठलाही असो, कॉर्ड तोच राहतो, फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२ मध्ये आपल्या हार्मनीवरच्या ग्रंथात हा विचार नीट मांडला होता. गिटारवाल्यांनी मात्र सीच्या स्केलपासून सुरुवात करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यात एफ येतो आणि एफचा बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायचा) नवीन बोटांना झेपत नाही, कितीतरी जण तिथेच गिटार ठेवून देतात. जीपासून सुरू करा, जी, सी, डी आणि ई मायनर हे सगळे मोकळ्या तारांचे कॉर्ड आहेत, ई मायनरला तर दोनच बोटं लागतात. केपो (एखाद्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) वापरायला पण माझी हरकत नाही, दुसऱ्या फ्रेटवर केपो लावून जीचे आकार धरले की ए ऐकू येतो, फक्त आपण आत्ता कुठल्या स्केलमध्ये आहोत हे तोंडाने म्हणता आलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ठिपक्यांच्या तक्त्याशेजारी एक छोटा तक्ता आणखी द्या, आडवे एक ते सहा आकडे आणि उभी निदान सी, जी, डी, ए, एफ ही पाच स्केल. चार कॉर्डच्या जागेत तीस कॉर्ड मावतील. एखादं स्केल रिकामं ठेवा आणि वाचकांना ते मोजून भरायला सांगा, उत्तर पुढच्या अंकात द्या. तक्ता तयार करायला मदत लागली तर मी आनंदाने करीन.

आपली,
एक संगीतशिक्षिका