वर्गात सांगितलेली वारी

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा वर्गात तुमची वारी सांगितली. इथे जर्मनीत आमच्या नगररचनेच्या वर्गात कुठकुठल्या देशांची मुलं आहेत. प्रत्येकाने आपल्याकडचं काहीतरी सांगायचं होतं. दिवाळी त्यांना ऐकून माहीत असते, म्हणून मी आळंदी ते पंढरपूर घेतलं. 250 किलोमीटरची वाट, ज्येष्ठ वद्यातलं प्रस्थान, तुकोबांच्या मुलाने, नारायणमहाराजांनी, 1685 मध्ये सुरू केलेली पालखी, हे भराभर उरकलं आणि उरलेला सगळा वेळ समाजआरतीला दिला.

तुम्ही सांगायचात तसंच सांगितलं. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मगच आरती. गर्दीचं नियोजन शिकणाऱ्या पोरांना हे फार भिडलं. ‘तक्रार करणाऱ्याचाच आवाज ऐकू यावा म्हणून बाकीचे गप्प बसतात?’ असं एकाने दोनदा विचारलं. मला इतका अभिमान वाटला, काय सांगू!

आई, तुझा डोक्यावर तुळस घेतलेला फोटो दाखवला. वृंदावन हलू नये म्हणून तू मान कशी धरतेस आणि तरी अभंगावर पाय कसा पडतो, ते मी चालूनच दाखवलं.

स्पेनची एक मुलगी म्हणाली, त्यांच्याकडे सान्तियागो या तीर्थक्षेत्राला शेवटचे 100 किलोमीटर पायी गेलं तरी प्रमाणपत्र मिळतं, तुमच्याकडे काय मिळतं? मी सांगितलं, कित्येक जण तर कळसाला हात जोडून माघारी फिरतात, माझे बाबाही तसेच यायचे. तिला ते पटकन उमगेना. मग आम्ही जेवतानाही त्यावरच बोलत बसलो.

आता सरांनी एका तळाचा नकाशा करायला सांगितलाय. बाबा, लोणंदच्या तळावर पालखी कुठे, दिंड्या कशा, पाण्याचे टँकर कुठून येतात, हे आठवेल तसं कागदावर काढा. आई फोटो काढून पाठवेल. घाई नाही, गुडघा दुखत असेल तर बसून सावकाश काढा.

तुमची लेक