तंबोऱ्यांना हार घातले, तारा मात्र मुक्याच राहिल्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत मिरजेच्या संगीतपरंपरेवर आपण पूर्ण पान दिलेत, याबद्दल एक मिरजकर म्हणून आभार मानते आणि लगेच तक्रारीकडे वळते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडे शिकायला येऊन राहिलेले विष्णु दिगंबर पलुस्कर, याच गावात जन्मलेले विनायकराव पटवर्धन आणि हिराबाई बडोदेकर, १९०५ मध्ये इथल्या रंगमंचावर पदार्पण केलेले बालगंधर्व, असे सगळे त्या पानावर आले आणि ते यायलाच हवे होते. मात्र आज मिरजेत तंबोऱ्याची जवारी कोण काढतो, म्हणजे तारा घुमाव्यात म्हणून त्यांच्याखालची घोडी घासून कोण जुळवतो, मैफलीत मागे बसून तीन-तीन तास तो कोण छेडतो, याविषयी पानभर मजकुरात एक ओळ नाही. लेखाच्या शेवटी ‘मिरजेच्या हवेतच सूर आहे’ असे म्हटले आहे. हे वाक्य मी लहानपणापासून भाषणांत ऐकत आले आहे आणि ते ऐकले की दर वेळी मला कारागिरांची घट्टे पडलेली बोटे आठवतात.

त्या पानावर खाली जे छायाचित्र छापले आहे, झेंडूचे हार घातलेले दोन तंबोरे आणि मागे रोषणाई, त्या समारंभाला मी हजर होते. त्यांतलाच एक तंबोरा वाजवायला मला बोलावले होते. त्या संध्याकाळी काय घडले ते आपल्या बातमीत आले नव्हते आणि कालच्या लेखातही आले नाही, म्हणून मी लिहिते.

ते दोन्ही तंबोरे सतारमेकर गल्लीतल्या एका वयोवृद्ध कारागिराने आयोजकांच्या विनंतीवरून आणून दिले होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. माझ्या वडिलांचा तंबोरा त्यांच्याच हातचा. पाहुण्या गायिका काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गातात हे कळल्यावर आदल्या संध्याकाळी चाचांनी दोन्ही वाद्यांच्या तारा बदलल्या आणि जवारी नव्याने काढली. मी तेव्हा दुकानात बसले होते. तारा सैल करायच्या, घोडीवर कानस अगदी हलक्या हाताने दोन-तीन वेळा फिरवायची, तार पुन्हा चढवायची, तिच्याखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा आणि कान लावून ऐकायचे. नाही जमले तर पुन्हा पहिल्यापासून. घोडीचा उतार डोळ्यांना दिसत नाही इतका थोडा असतो. तो जास्त झाला तर तार कोरडी बोलते आणि कमी झाला तर नुसती झणझणते. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू यायला लागला तेव्हाच चाचांनी कानस खाली ठेवली. चार तारांच्या एका वाद्यासाठी त्यांचे दोन तास गेले. दोन वाद्ये होती, त्यामुळे घरी जायला रात्रीचे अकरा वाजले.

दुसऱ्या दिवशी मी सभागृहात पोचले तेव्हा दोन्ही तंबोरे स्टँडवर उभे करून त्यांना ओले हार घातलेले होते आणि हार घसरू नयेत म्हणून ते दोऱ्याने तारांसकट दांडीला आवळून बांधले होते. मी एक तंबोरा उचलायला गेले, तर आयोजकांपैकी एक तरुण धावत आला आणि म्हणाला, “मॅडम, ते राहू द्या, ते डेकोरेशनला आहेत. तंबोरा मोबाइलवर लावलाय, साउंडवाल्याला जोडून दिलाय.” चाचा विंगेत उभे होते. फुलांचे पाणी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर उतरते आहे, निदान हार तरी काढू द्या, एवढेच ते म्हणाले. त्यांना उत्तर मिळाले, “फोटो होऊ द्या, मग काढा.” फोटो व्हायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात प्रायोजकांना आणि पदाधिकाऱ्यांना शाल-श्रीफळ देऊन झाले. चाचांचे नाव कोणी पुकारले नाही.

समारंभ कशासाठी होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ तो होता. ज्या वाद्याचा गौरव करायचा ते वाद्य मंचावर असूनही वाजू द्यायचे नाही आणि त्याच्याऐवजी फोनमधला आवाज कर्ण्यातून सोडायचा, हे मिरजेत घडले, याचे मला अतिशय वाईट वाटले आणि अजूनही वाटते. मी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातल्या मुली घरी रियाजाला तोच लावतात, प्रवासात मीही लावते. पण ज्या गल्लीतून देशभर तंबोरे जातात ती गल्ली त्या सभागृहापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि लावलेले दोन तंबोरे हाताच्या अंतरावर उभे होते.

ज्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे मोठे छायाचित्र आपण पानाच्या मध्यभागी छापले आहे, त्यांना हे कसे वाटले असते? ते कैराना सोडून दक्षिणेत आले, मिरजेचे झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. वाद्ये स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारा गवई म्हणून त्यांची ख्याती होती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर त्यांना बरे वाटेनासे झाले, तेव्हा फलाटावर अंथरूण घालायला सांगून त्यांनी तंबोरा लावून घेतला आणि दरबारी रागाचे सूर आळवत तिथेच प्राण सोडला, असे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. उरुसात आजही कलावंत त्यांच्या स्मृतीसाठी दर्ग्यात हजेरी लावायला येतात. तिथे मी कितीतरी रात्री तंबोऱ्याला बसले आहे. पहाटे जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा थंडीने चढतात, त्या मणी सरकवून हळूच उतरवाव्या लागतात, गाणाऱ्याला कळूही न देता. मागे बसणाऱ्याचे हे काम फोन करत नाही.

आता मानधनाविषयी, कारण तेही सांगितले पाहिजे. त्या कार्यक्रमात पाहुण्या कलावंतांना योग्य मानधन मिळाले आणि त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. त्या मनापासून गायल्या. परंतु आमचा स्थानिक तबलजी आणि संवादिनीवादक यांना गुलाबाचे एकेक फूल देऊन “तुम्ही तर घरचेच आहात” असे सांगण्यात आले. मला न वाजवताच परत पाठवले असल्याने माझा प्रश्नच नव्हता. घरचे असणे म्हणजे फुकट असणे, हा अर्थ आपल्या गावात कधी रूढ झाला ते मला माहीत नाही, पण गेली तीस वर्षे मी तो सोसते आहे. त्या तबलजींचा मुलगा आता तबला सोडून पुण्यात नोकरी शोधतो आहे आणि त्याला कोणत्या तोंडाने थांब म्हणावे, हे मला कळत नाही. चाचांच्या दोन्ही मुलांनी तर कधीच दुसरे धंदे धरले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात या गावात वाद्ये करायला घेतली. त्या हातांपासून चालत आलेले काम चाचांच्या घरात चाचांपाशी थांबणार आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या कार्यालयात सहज दुरुस्त होऊ शकते. पानावरच्या आणखी एका छायाचित्राखाली ‘तंबोरा घडवताना मिरजेतील कारागीर’ अशी ओळ आहे. चित्रातले वाद्य सतार आहे. तिचे पडदे स्पष्ट दिसतात आणि तंबोऱ्याला पडदे नसतात, हे माझ्या वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलीने काल मला दाखवले. मानांकनसुद्धा दोन वाद्यांना वेगवेगळे मिळाले आहे. मिरजेच्या परंपरेवर पान काढताना छापण्यापूर्वी एकदा एखाद्या कारागिराला विचारले असते तर ही चूक झाली नसती. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपल्या बातमीदारांना माझी विनंती आहे की त्यांनी एक दिवस सतारमेकर गल्लीत येऊन बसावे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले असतात, ते पाहावेत. भोपळ्याला टिचकी मारून चाचा त्याचा आवाज कसा जोखतात, ते ऐकावे आणि मग जे दिसेल ते लिहावे. आयोजकांनाही सांगणे आहे की पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत तंबोरासाथ करणाऱ्याचे आणि वाद्य लावून देणाऱ्याचे नाव छापावे, आणि त्यांच्या पाकिटावरही.

ते दोन तंबोरे सध्या चाचांच्याच दुकानात आहेत. टेम्पोतून परत येताना एकाची खुंटी तुटली आणि ओल्या फुलांमुळे दुसऱ्याच्या तबलीचे पॉलिश हातभर उतरले. चाचांनी अजून बिल पाठवलेले नाही. मागायला संकोच वाटतो, म्हणतात. म्हणून मी इथे जाहीरपणे मागते आहे. आयोजकांनी या आठवड्यात कोणालातरी दुकानात पाठवून खर्च विचारावा आणि तो रोख द्यावा. दुकान सकाळी दहाला उघडते.

आपली,
एक गायनशिक्षिका, मिरज